मीटरवर शून्य, पण कशाचं? एलईएल आणि पीपीएमचा घोळ

टाकीत किंवा रिअ‍ॅक्टरमध्ये उतरण्याआधी भरायच्या परवान्यावर, म्हणजे व्हेसल एंट्री परमिटवर, ‘गॅस टेस्ट’ असा एक रकाना असतो. त्यात ‘०%, ओके’ लिहून खाली सही ठोकलेली परमिटं मी इतकी पाहिली आहेत, की आता तो रकाना समोर आला की आधी एवढंच विचारतो: शून्य टक्के कशाचे? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘एलईएलचे, सर.’ मग मी पुढचं विचारतो: आत वेल्डिंग करायचंय, की माणूस उतरवायचाय?

एलईएल केमिकल प्लँटमधल्या कुणालाही समजावून सांगायला नको. हवेत वाफ किती साठली की ठिणगीने पेट घेईल, ती खालची मर्यादा. मीटर त्या मर्यादेचे शंभर भाग करून दाखवतो. वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या, म्हणजे हॉट वर्क परमिटला हाच आकडा लागतो आणि तिथे तो चोख काम करतो.

पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या रसायनाचे किती भाग. माणसाच्या फुप्फुसाचा, डोक्याचा, यकृताचा हिशोब या मापात होतो. मिलिग्रॅम प्रति घनमीटर हे माप वेगळं दिसतं, पण ते नुसतं रूपांतर आहे, तिथे फारसं कुणी अडखळत नाही.

लोक फसतात ते या दोन मापांमधल्या अंतरात. ते अंतर किती मोठं आहे, हे एकदा कागद-पेन घेऊन काढून बघाच.

टोल्युइन हा नेहमीचा सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, घ्या. त्याचं एलईएल हवेच्या साधारण १.१ टक्के. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, म्हणजे एलईएल झालं ११,००० पीपीएम. मीटरवर दिसणारा सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे ११० पीपीएम. आणि भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात जी दुसरी अनुसूची आली, तिच्यात टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा दिली १०० पीपीएम. म्हणजे मीटर शून्यावरून एकवर येईपर्यंत माणसाची मर्यादा ओलांडून झालेली असते. त्यातून हे मीटर सहसा मिथेनवर कॅलिब्रेट केलेले असतात आणि टोल्युइनची वाफ त्यांना निम्म्याच्या आसपास दिसते. अनेक मीटर तर शून्याजवळचे एक-दोन आकडे दाखवतच नाहीत, थेट ० दाखवतात. बऱ्याच ठिकाणी मीटरचा अलार्म १० टक्क्यांवर लावलेला असतो. टोल्युइनसाठी ते होतात ११०० पीपीएम. जीव तातडीने धोक्यात येण्याची पातळी ५०० धरतात. अलार्म वाजायची वाट बघणारा माणूस तोवर शुद्धीवर असेल का, याचा विचार करा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका प्लँटमध्ये रिअ‍ॅक्टर साफ करायला उतरलेला ठेकेदाराचा माणूस वीस मिनिटांनी शिडीवरून वर आला, तो दारू प्यायल्यासारखा. बोलणं अडखळत होतं, पायरी सापडत नव्हती. सुपरवायझर त्याच्यावर ओरडला, तोंडाचा वासही घेतला. परमिटवर शून्य होतं आणि ते शून्य खरंच मीटरवर आलेलं होतं. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. चुकीच्या मापाने मोजलं होतं, एवढंच. मला त्या सुपरवायझरपेक्षा तो रकाना छापणाऱ्याचा जास्त राग येतो.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, कलेक्शन टँकमध्ये तर हेच गणित जीवघेणं होतं. हायड्रोजन सल्फाइडचं एलईएल सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. मीटरच्या एका आकड्यात ४०० पीपीएम मावतात. अनुसूचीतली मर्यादा १० पीपीएम, आणि शंभराच्या आसपास माणसाचं नाकच बधिर होतं. ‘मघाशी सडक्या अंड्यांचा वास येत होता, आता गेला, म्हणजे हवा खेळली’ हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. वास जाणं हीच तिथे धोक्याची खूण आहे. आणि वरून मीटर सोडून घेतलेला आकडा स्लज हलवण्याआधीचा असतो. पहिलं पाऊल गाळात पडलं की अडकलेला वायू बुडबुडत वर येतो. म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू हवा, मॅनहोलपाशी उभ्या माणसाच्या खिशात ठेवून भागत नाही. आतला कोसळला म्हणून दोर, श्वासयंत्र काही न घेता मागे उतरणारा दुसराही तसाच कोसळतो.

‘पण आमच्याकडे चार गॅसचा मीटर आहे ना!’ आहे, आणि तो असायलाच हवा. त्यात एलईएल, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. तुमचा सॉल्व्हंट त्यात नाही. टोल्युइन, मिथेनॉल एलईएलच्या खान्यातच जातात, आणि तो खाना किती आंधळा आहे ते वर पाहिलंच. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) तर सहजी पेटतच नाही, त्यामुळे आगीचा मीटर त्याच्याबद्दल काय सांगणार? सॉल्व्हंटच्या टाकीसाठी माझं मत पक्कं आहे: अतिनील दिव्याने वाफ पीपीएममध्ये मोजणारा पीआयडी मीटर घ्या, नाहीतर त्या रसायनाची, वाफ लागली की रंग बदलणारी डिटेक्टर ट्यूब वापरा. मात्र नेहमीच्या दिव्याच्या पीआयडीला मिथेनॉल आणि एमडीसी दिसत नाहीत, तिथे ट्यूबच बरी. मिथेनही त्याला दिसत नाही, त्यामुळे तो आला म्हणून जुना मीटर कपाटात टाकू नका.

ऑक्सिजनचं थोडक्यात. नेहमीचा एलईएल सेन्सर वाफ जाळून मोजतो, त्याला जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन मारलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो खुशाल शून्य दाखवेल, आणि आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत आडवा होईल. म्हणून आधी ऑक्सिजन बघायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढचं काही मोजायची गरजच नाही.

‘गॅस टेस्ट: निरंक’ हा शब्द तर मला परमिटवर नकोच. रसायनाचं नाव, आकडा, त्यापुढे एकक, मीटर कुठे धरला आणि किती वाजता, एवढं लिहायला एक ओळ पुरते: ऑक्सिजन २०.९ टक्के, एलईएल ०, टोल्युइन २० पीपीएम, तळाजवळ, सकाळी ९.१०. आणि खाली दुसरी ओळ रिकामी सोडायची, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा उतरण्याआधी भरायला.