‘यूए’ म्हणजे नेमके काय?

1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटाला प्रमाणपत्रे दोनच होती: ‘यू’, म्हणजे सर्वांसाठी, आणि ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. (‘ए’च्या कागदावर हिंदीत ‘व’ असतो, वयस्कचा. मराठी कानाला वयस्क म्हणजे पिकल्या केसांचा माणूस, पण ते असो.) मधले ‘यूए’, म्हणजे सर्वांसाठी, पण 12 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाने, 1983 मध्ये आले.

सगळा घोळ या मधल्या अक्षरांचा. लोक समजतात, 12 वर्षांखालच्या मुलाशेजारी आईबाप बसले, रक्त दिसताच डोळ्यांवर हात ठेवला, की झाले मार्गदर्शन. कायद्यात तसे काही नव्हते. मुलाला हा चित्रपट दाखवायचा की नाही, याचा विचार पालकाने करावा, एवढाच तो इशारा. म्हणजे निर्णय तिकीट काढण्याआधीचा. ‘ए’ला डोअरकीपरने मुलाला अडवायचे असते, ‘यूए’ला त्याच्याकडे तसे काही काम नाही.

केबल घरात आली आणि तिकीटही गेले, दारही गेले. पोळ्या लाटता लाटता आई मान वळवते तोवर सुरा पोटात घुसलेला असतो. विचार करायचा कधी?

मुंबईत एका प्राध्यापिकेने टीव्हीवरच्या ‘ए’ चित्रपटांविरुद्ध जनहित याचिका केली. वाहिन्यांवर फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपट दाखवा, असे न्यायालयाने बजावले. 2006 च्या ऑगस्टमध्ये पोलिसी कारवाई झाली आणि शहरातल्या चित्रपटवाहिन्या काही दिवस बंद पडल्या. निर्मात्यांनी मग सोपी वाट काढली: ‘ए’ चित्रपटाला कात्री लावायची, वाहिनीपुरते ‘यूए’ मिळवायचे. यात चुंबने गेली, शिव्या गेल्या. मारहाण मात्र बरीचशी राहिली, हे कोणीही रविवारी दुपारी टीव्ही लावून पाहावे.

2021 च्या नियमांनी ओटीटीवर ‘यूए’चे 7, 13 आणि 16 वर्षांचे टप्पे आणले; 13 आणि त्यापुढच्या टप्प्यांतल्या मजकुराला पालकांचे कुलूप (पॅरेंटल लॉक) सक्तीचे केले. आमच्या घरी ते कुलूप बसवून दिले धाकटीने, कारण आम्हा दोघांना जमेना.

2023 च्या दुरुस्तीने 12 वर्षांची जुनी अट गेली आणि हेच टप्पे चित्रपटगृहांनाही लागू झाले. शिवाय ‘ए’ चित्रपट टीव्हीवर दाखवायचा तर वेगळे प्रमाणपत्र घ्यावे, हे त्याच दुरुस्तीत आले. कात्रीची ती जुनी वाट 17 वर्षांनी कायद्यात शिरली.