पाटी दाराच्या आत लावलेली

मे महिन्यातली दुपार होती, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलं होतं. शेजारची दहावीची परीक्षा दिलेली मुलगी मामाचा जुना लॅपटॉप घेऊन आली. रॅम २ जीबी. त्यातल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तोही रस्ता बंद. नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानात तिला हा भंगारात द्यायला सांगितलं होतं. यंत्र मात्र धडधाकट होतं. मी तिला अल्पाइन लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या एका छोट्या प्रणालीचा, पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं, तूच टाक, मी बाजूला बसतो.

काळा पडदा आला. त्यावर स्वागताची एक ओळ, खाली ‘लोकलहोस्ट लॉगिन’ एवढेच शब्द आणि लुकलुकणारी रेघ. पाच मिनिटं ती नुसती बघत राहिली.

‘काका, हे काय करून राहिलं? लोड होऊन राहिलं का अजून?’

लोड केव्हाच झालं होतं. तिथे ‘रूट’, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचं नाव, टाइप करून एंटर दाबायचं असतं, पासवर्ड नसतो. आत गेलं की पडद्यावर स्पष्ट लिहून येतं, ‘सेटअप-अल्पाइन’ ही आज्ञा देऊन मांडणी (इन्स्टॉलेशन) करा. म्हणजे वाट दाखवणारी पाटी आहे, पण दाराच्या आत लावलेली. दार कसं उघडायचं ते बाहेर कुठेच लिहिलेलं नाही. मी ही प्रणाली बरीच वर्षं वापरतो, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

अल्पाइनसारख्या प्रणाली मुद्दाम किमान ठेवलेल्या असतात. तिचा सर्व्हरवर वापरला जाणारा सांगाडा १० एमबीच्याही आत मावतो. हे जमतं ते बऱ्याच अंशी बिझीबॉक्समुळे. फाइल कॉपी करणं, यादी दाखवणं, मजकूर शोधणं अशा तीनशेहून जास्त आज्ञा या एकाच प्रोग्रॅममध्ये भरलेल्या आहेत. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला, तो डेबियन या दुसऱ्या एका लिनक्स प्रणालीची बचाव आणि मांडणीची सगळी सामग्री एका फ्लॉपीवर बसावी म्हणून. फ्लॉपी १.४४ एमबीची! किमानपणाचं हे साधन जन्मलं तेच मुळी नव्या माणसाच्या हाती प्रणाली लवकर पडावी म्हणून, हे मला फार मोलाचं वाटतं.

सेटअप-अल्पाइन एकामागून एक प्रश्न विचारतो. कीबोर्ड कोणता, यंत्राचं नाव काय, नेटवर्क कसं. ते पटापट झाले. रूटचा पासवर्ड आला तिथे ती पुन्हा थांबली, कारण टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बिघडला असं तिला वाटलं. मागून कोणी अक्षरं मोजू नयेत म्हणून ही जुनी पद्धत आहे. ‘अक्षरं दिसणार नाहीत, टाइप करत राहा’ एवढी ओळ तिथे असती तर पुरलं असतं.

मग वेळेचा पट्टा. तिने यादी उघडली आणि नागपूर शोधलं. झिरो माइल आपल्या गावात, पण यादीत गाव नाही. ‘इंडिया’ही नाही. ‘इंडियन’ सापडलं आणि ती खूश झाली. आत मालदीव, मॉरिशस! तो ‘इंडियन’ म्हणजे हिंदी महासागर. आपली वेळ ‘एशिया’ आणि त्यात ‘कोलकाता’ इथे असते, कारण त्या यादीत पट्ट्याला देशाचं नाही, एका मोठ्या शहराचं नाव देतात.

सगळ्यात जपून विचारायचा प्रश्न डिस्कचा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं सापडतील त्या क्रमाने देतं, त्यामुळे आज जो पेनड्राइव्ह एसडीबी आहे तो उद्या एसडीए होऊ शकतो. काही वर्षांपूर्वी दुसरी एक प्रणाली टाकताना मी नावावर विसंबलो आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली बाहेरची डिस्क पुसली. ते फोटो परत मिळाले नाहीत. अल्पाइन नावापुढे डिस्कचा आकार (किती जीबीची) आणि ती कोणत्या कंपनीची ते दाखवतं. डिस्क न निवडता नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘कुठलीच नाही’ असं धरतं. निवडली तरी पुसण्याआधी पुन्हा विचारतं, आणि तिथेही एंटरचा अर्थ ‘नाही’. न समजता एंटर-एंटर करत गेलेल्या माणसाची डिस्क शाबूत राहते. प्रश्न कमी करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं आहे.

सगळ्याच प्रणाली अशी सोबत करत नाहीत. आर्च लिनक्स या आणखी एका प्रणालीने २०१२ मध्ये मेनूवाला इन्स्टॉलर काढून सगळं हाताने आज्ञा देऊन करायला लावलं. ‘आर्चइन्स्टॉल’ हा सोबतीचा प्रोग्रॅम त्यांच्या मांडणीच्या प्रतीत आला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. हाताने केलं की शिकायला मिळतं, हे खरंच आहे. पण घरातला एकुलता एक लॅपटॉप पणाला लावून कोणी शिकावं, हे मला पटत नाही.

राहिली भाषा. हे प्रश्न मराठीत का नाहीत, असं तिने विचारलंच. लिनक्सचा तो काळा पडदा चौकोनी खणांचा असतो, आणि त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. देवनागरीला खण पुरत नाही. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत क आधी आणि वेलांटी नंतर असते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘क्ष’मध्ये तर दोन अक्षरं मिळून तिसराच आकार होतो. ही जुळवाजुळव त्या पडद्याला येत नाही. म्हणून डेबियनने २००७ मध्ये चित्ररूप इन्स्टॉलर आणला, त्यातून आपल्या लिप्यांना वाट मिळाली. आज डेबियनच्या मांडणीचे प्रश्न मराठीत वाचता येतात, पण त्यासाठी जास्तीचं सामान सोबत घ्यावं लागतं. किमान प्रणालीला ते जड जातं. ही ओढाताण खरी आहे. माझ्या मते तोडगा कागदावर आहे: पेनड्राइव्हसोबत मराठीतलं एक पान, ज्यात प्रत्येक प्रश्न जसा दिसतो तसा छापलेला आणि समोर त्याचा अर्थ.

संध्याकाळपर्यंत ‘सेटअप-डेस्कटॉप’ या आज्ञेने एक्सएफसीई, म्हणजे खिडक्या आणि चित्रांचा हलका पडदा, बसलं, नोटो देवनागरी फाँट आला. निघताना तिने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: ‘काळा पडदा आला की थांबू नका. रूट लिहा, एंटर दाबा. पासवर्ड दिसत नाही, घाबरू नका. वेळ कोलकाता. डिस्कच्या प्रश्नाला आकार बघा, नाव नाही.’ पान घडी घालून तिने पेनड्राइव्हला रबरबँडने बांधलं.