वार्धक्यातली देखभाल: पैसा कोणाचा, वेळ कोणाचा?

जपानमध्ये वृद्धाला सरकारी देखभाल हवी असेल तर पालिकेत अर्ज करायचा. मग तपासनीस घरी येतो. त्याचे ७४ मुद्दे ठरलेले असतात. बिछान्यात कूस बदलता येते का? एका पायावर उभं राहता येतं का? स्वतःची नखं कापता येतात का? जन्मतारीख सांगता येते का, सध्या ऋतू कोणता हे कळतं का? ही माहिती संगणकात भरली की हिशेब निघतो तो देखभालीला लागणाऱ्या मिनिटांचा. ३२ ते ५० मिनिटं आली तर देखभालीची पहिली श्रेणी, ११० किंवा जास्त आली तर पाचवी. प्रत्यक्षात तेवढीच मिनिटं सेवा मिळते असं नाही. एकाची गरज दुसऱ्याशी ताडून पाहण्याचं ते माप आहे. डॉक्टरांचा अभिप्राय पाहून शेवटचा निर्णय तज्ज्ञांची समिती घेते.

नुसतं रोगाचं नाव कळून इथे भागत नाही. संधिवात दोघांनाही असतो, पण एक जण आपली आपण आंघोळ करतो आणि दुसऱ्याला धरून बसवावं लागतं. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये सहा क्रियांची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. आजारातून सावरताना या क्रिया ज्या क्रमाने परत येतात, तो लहान मूल त्या शिकतं त्या क्रमाशी मिळताजुळता असतो, हेही त्यांनी नोंदवलं.

गरज मोजता आली, तरी पैसा उभा करायचा राहतोच. आपल्या वाट्याला काय येणार हे चाळिशीत कोणालाच ठाऊक नसतं. कोणी हिंडताफिरता जातो, कोणाला स्मृतिभ्रंशात वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. प्रत्येकाने एकट्याने बचत करायची म्हटली, तर सगळ्यांनाच वाईटात वाईट वेळेसाठी पैसा साठवावा लागेल. म्हणून विमा. पण तो ऐच्छिक ठेवला की धडधाकट माणसं बाहेर राहतात, गरज पडण्याची शक्यता असलेली आत येतात, हप्ता वाढतो आणि उरलेलेही गळू लागतात. अमेरिकेने २०१० मध्ये अशी ऐच्छिक योजना कायद्यात आणली. ती स्वतःच्या पैशावर टिकणार नाही हे सरकारनेच २०११ मध्ये मान्य केलं, आणि २०१३ मध्ये ती रद्द झाली.

वर्गणी सक्तीची हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीत १९९५ पासून ती पगारातून कापली जाते. जपानमध्ये २००० पासून चाळिशीपुढचे सगळे भरतात. लाभार्थीने स्वतः भरायचा वाटा सोडला तर निम्मा खर्च वर्गणीतून, निम्मा करांतून भागतो. इंग्लंडमध्ये मात्र माणसाला आयुष्यभरात स्वतःच्या खिशातून कराव्या लागणाऱ्या देखभालखर्चावर मर्यादा घालण्याची शिफारस २०११ मध्ये झाली, ८६,००० पौंडांचा आकडा ठरला, तारीख पुढे ढकलली गेली आणि २०२४ मध्ये सगळंच रद्द झालं. मधल्या काळात म्हातारी झालेली माणसं काही थांबून राहू शकत नव्हती.

घरच्यांना रोख रक्कम द्यावी का, यावर देशांची उत्तरं वेगळी आहेत. जपानने ती दिली नाही. पैसे हातात ठेवले की सून-मुली त्याच कामाला जखडल्या जातील, अशी भीती तिथे होती. जर्मनी रोख देते, शिवाय अटींत बसत असेल तर आठवड्याला किमान १० तास घरच्याला सांभाळणाऱ्याची पेन्शनची वर्गणीही विम्यातूनच भरते. नोकरी सोडून किंवा कमी करून आईवडिलांपाशी राहणाऱ्याचं स्वतःचं म्हातारपण त्यामुळे निदान कोरडं पडत नाही.