मेंदूज्वर जिवाणूंचा की अमिबाचा?

तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, ताठलेली मान, मग गुंगी किंवा झटके. मूल अशा अवस्थेत आलं की डॉक्टरांच्या मनात आधी जिवाणूजन्य मेंदूज्वर येतो आणि ते बरोबरच आहे. तोच कितीतरी पटींनी जास्त आढळतो. पण नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा मेंदूज्वरही हुबेहूब असाच सुरू होतो. त्यात सुरुवातीला कधी कधी वास किंवा चव बदलते, पण तापाने फणफणलेलं लहान मूल हे सांगणार कसं?

खरी पंचाईत पुढे आहे. पाठीतून पाणी काढून तपासलं तरी चित्र तेच: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भरमसाट, ग्लुकोज कमी, प्रथिनं जास्त. अमिबाच्या आजारात ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून बघायच्या तपासणीत, जिवाणू दिसत नाहीत. पण आधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असेल तर जिवाणूजन्य आजारातही ते दिसेनासे होतात. मग ‘अर्धवट उपचार झालेला मेंदूज्वर’ असा शेरा पडतो आणि शोध तिथेच थांबतो. माझ्या मते घात इथेच होतो.

म्हणून आईवडिलांना एक प्रश्न विचारायलाच हवा: गेल्या दहा-बारा दिवसांत मूल तळ्यात, नदीत किंवा क्लोरीन नीट नसलेल्या टाकीत पोहलं का, नाकात पाणी गेलं का? असं पाणी पिऊन हा आजार होत नाही. अमिबा नाकातून, वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत शिरतो. जिवाणूंचा संशय असेल तर चौकशी वेगळी: लसी झाल्यात का, कान वाहत होता का, अंगावर जांभळट पुरळ आहे का.

दुसरं काम लॅबचं. पाठीतल्या ताज्या पाण्याचा थेंब स्लाइडवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. गारठलेला अमिबा हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत पेशी म्हणूनच मोजला जातो. हलताना दिसला, की उपचार सुरू करायला तेवढं पुरतं. पीसीआरचा, म्हणजे अमिबाचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट मागाहून येऊ दे.

अमिबाची शंका आली म्हणून जिवाणूंवरचं अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन थांबवत नाहीत. त्याच्या जोडीला अ‍ॅम्फोटेरिसिन बी, रिफाम्पिसिन, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन, डेक्सामेथासोन आणि काळा आजारावरचं मिल्टेफोसिन देतात. जिवाणूजन्य आजारात योग्य अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर बहुतेक मुलं वाचतात. अमिबाचा हिशेब मात्र भयंकर आहे: अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात नोंदलेल्या १६४ रुग्णांपैकी फक्त ४ वाचले. त्यातली दोन मुलं २०१३ची, दोघांनाही मिल्टेफोसिन मिळालं होतं. १२ वर्षांच्या मुलीचं निदान लक्षणांनंतर सुमारे ३० तासांत झालं, मेंदूची सूज आटोक्यात राहावी म्हणून तिचं शरीर थंड ठेवलं गेलं आणि ती पूर्ण बरी झाली. ८ वर्षांच्या मुलाच्या निदानाला काही दिवस लागले. तो वाचला, पण मेंदूला इजा राहिली.

घरच्यांसाठीही दोन्ही आजारांत फरक आहे. मेंदूज्वराचा जिवाणू मेनिंगोकोकस निघाला तर जवळच्या माणसांना प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावं लागतं. अमिबाचा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण त्याच पाण्यात उतरलेल्या इतर मुलांपैकी कुणाचं डोकं दुखून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि पाण्याचा विषय आपणहून काढायचा.