जिवाणू सेल्युलोज : स्वस्त वनस्पतिजन्य माध्यमांवरील उत्पादन

व्हिनेगर बरेच दिवस मुरत ठेवले की त्यावर बुळबुळीत साय धरते. ती साय म्हणजे जिवाणूंनी साखरेपासून विणलेले सेल्युलोज. एड्रियन जॉन ब्राउन यांनी १८८६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तो जिवाणू आज कोमागाटाइबॅक्टर झायलिनस या नावाने ओळखला जातो. जुन्या पुस्तकांत तो अ‍ॅसिटोबॅक्टर झायलिनम म्हणून सापडेल. रासायनिकदृष्ट्या हे सेल्युलोज कापसातल्यासारखेच असते. मात्र त्यात लाकडासारखे लिग्निन किंवा हेमिसेल्युलोज नसते, धागे नॅनोमीटरच्या मापाचे असतात आणि ओल्या सायीत सुमारे ९९ टक्के पाणी असते. फिलिपाईन्समधील ‘नाटा दे कोको’ ही मिठाई, जखमेवरची पट्टी, ध्वनियंत्रांचे पडदे असे तिचे उपयोग आहेत.

प्रयोगशाळेत १९५४ पासून हेस्ट्रिन-श्राम माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे द्रावण, प्रमाण मानतात. त्यात लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज, प्रत्येकी ५ ग्रॅम पेप्टोन (प्रथिनांचे विघटन करून केलेली पूड) आणि यीस्ट अर्क, शिवाय थोडे फॉस्फेट व सायट्रिक आम्ल असते. स्वस्त माध्यम म्हटले की सगळ्यांचे लक्ष साखरेकडे जाते, पण खिशाला चाट लावतात ते पेप्टोन आणि यीस्ट अर्क. शिवाय पेप्टोन बहुधा मांसापासून किंवा दुधातल्या केसीनपासून काढतात, म्हणजे ‘वनस्पतिजन्य’ हे बिरुदही गेले. त्यांच्या जागी मका भिजवलेले पाणी किंवा टोफूचे निथळ चालते.

हे सेल्युलोज पुण्यात करायचे, तर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यामुळे विरजणाची, म्हणजे शुद्ध वाणाची, सोय गावातच होते. साखरेचीही वानवा नाही. जिल्ह्यात साखर कारखाने असल्याने मळी मुबलक, पण ती उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली असते. छोट्या प्रयोगाला गूळ बरा. हायड्रोस ही रंग उडवणारी पूड घालून उजळलेला पिवळाधमक गूळ मात्र टाळावा, त्यातला सल्फाइटचा अंश जिवाणूंना मारक ठरतो. रसवंतीतला रस घ्यायचा तर आले-लिंबू न घालता, आणि लगेच उकळावा. ठेवलेल्या रसात ल्युकोनॉस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. त्याची तार पाहून नवखा माणूस सेल्युलोज झाले म्हणून हरखतो. डेक्स्ट्रान पाण्यात विरघळते, सेल्युलोज विरघळत नाही. नारळ फोडताना वाया जाणारे पाणीही उत्तम, फक्त त्यात नायट्रोजन कमी असल्याने थोडे अमोनियम सल्फेट घालावे लागते.

उसाच्या साखरेत मुख्यतः सुक्रोज असते. आम्ल घालून उकळल्यास त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते व जिवाणूंचे काम सोपे होते. मळीतले जड धातू आणि गाळही आधी काढावा लागतो. मग सामू (pH) आम्लधर्मी ठेवून, विरजण घालून, उथळ ट्रे स्वच्छ कापडाने झाकतात आणि २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यातली खोली याहून तापते, डिसेंबरच्या रात्री पारा फार खाली जातो. पावसाळ्यात तापमान सोयीचे, पण बुरशीला तेच आवडते.

दोन-तीन दिवसांत गार चहावर येते तशी पातळ पापडी दिसते. ट्रे हलवायचा नाही. जिवाणूला हवा लागते, म्हणून साय पृष्ठभागावरच जाड होते. धक्का बसून ती बुडाली तर वर नवी धरते आणि हाती दोन अर्धवट थर येतात. ग्लुकोजचा काही भाग ग्लुकॉनिक आम्लात जातो, सामू उतरतो आणि वाढ मंदावते. एक-दोन आठवड्यांनी साय काढतात तेव्हा ती बोटांतून निसटते आणि आंबूस वास येतो. सौम्य कॉस्टिक सोड्यात सुमारे ८० ते ९० अंशांवर गरम केल्यावर जिवाणूंचे अवशेष निघून जातात आणि ती दुधी होते. दाबून वाळवल्यावर बोटभर जाडीच्या सायीचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद उरतो.

खर्चाचा हिशोब इथे पुन्हा उलटतो. मळीवरची साय तपकिरी निघते, रंग जाईपर्यंत कॉस्टिकचे आणखी हात द्यावे लागतात, आणि सामू ७ वर येईस्तोवर पाणी ओतावे लागते ते वेगळेच.