पार्श्वभूमी : लैला दे लिमा यांचा खटला आणि ‘ट्रेडिंग’ हा एक शब्द

फिलिपिन्सच्या सिनेटमधली लैला दे लिमा यांची मुदत कागदावर सहा वर्षांची होती, ३० जून २०१६ ते ३० जून २०२२. त्यातले जेमतेम आठ महिने त्यांना सभागृहात बसता आलं. २४ फेब्रुवारी २०१७ ला अमली पदार्थांच्या गुन्ह्याच्या आरोपावरून अटक झाली आणि बाकीची सगळी मुदत केसॉन सिटीतल्या कॅम्प क्रामे या पोलीस मुख्यालयाच्या कोठडीत गेली. सिनेटरपद संपलं तरी कोठडी सुटली नाही. जामीन मिळाला तो १३ नोव्हेंबर २०२३ ला. आता त्या पुन्हा लोकप्रतिनिधी आहेत, पण कनिष्ठ सभागृहात. मधल्या काळात काय झालं ते समजून घ्यायचं तर त्यांच्या राजकारणाइतकंच अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या एका व्याख्येकडे बघावं लागतं. इथे त्या व्याख्येला जास्त जागा दिली आहे, आणि ती जाणूनबुजून दिली आहे.

आधीचा काळ थोडक्यात. बिकोल भागातलं इरिगा हे गाव, वडील निवडणूक आयोगावर आयुक्त, स्वतः निवडणुकीचे खटले लढवणाऱ्या वकील. २००८ मध्ये मानवी हक्क आयोगाचं अध्यक्षपद आलं. पुढच्याच वर्षी आयोगानं दावाओ शहरातल्या मारेकरी पथकाबद्दल जाहीर सुनावण्या घेतल्या, एका दगडखाणीत मानवी अवशेषांसाठी खोदकामही केलं. त्या वेळी शहराचे महापौर होते रॉड्रिगो दुतेर्ते, आणि सुनावणीत त्यांनाही प्रश्न विचारले गेले. चौकशीतून तेव्हा हाती फारसं लागलं नाही, वैर मात्र कायमचं झालं.

२०१० ते २०१५ त्या न्यायमंत्री होत्या. या काळातल्या दोन गोष्टी पुढे वारंवार उगाळल्या गेल्या. पहिली, नोव्हेंबर २०११ ची : माजी राष्ट्राध्यक्षांच्या परदेशप्रवासावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं तात्पुरती उठवली असतानाही त्यांना विमानतळावर अडवण्यात आलं. कायद्याचं राज्य हा शब्द सतत तोंडी असलेल्या मंत्र्याच्या हातून हे व्हायला नको होतं, असं आजही वाटतं. दुसरी, डिसेंबर २०१४ ची : मुंतिनलुपाच्या न्यू बिलिबिद तुरुंगावर धाड घातली, तेव्हा बड्या कैद्यांच्या वातानुकूलित खोल्या, जकूझी आणि रोकड सापडली. पुढे त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले ते याच तुरुंगातले कैदी. खटला वाचताना हा धागा हातातून सुटू देऊ नये.

२०१६ ला त्या १ कोटी ४१ लाखांहून अधिक मतं घेऊन बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर निवडून आल्या. दुतेर्ते त्याच निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाले. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेतली प्रेतं रस्त्यांवर दिसू लागली होती. सिनेटच्या न्याय समितीच्या प्रमुख म्हणून दे लिमांनी चौकशी सुरू केली आणि दावाओच्या पथकात आपण होतो असं सांगणारा साक्षीदार सप्टेंबरमध्ये समितीसमोर आणला. चारच दिवसांत, १९ सप्टेंबरला, सभागृहानं १६ विरुद्ध ४ मतांनी त्यांना समितीवरून हटवलं. पाच महिन्यांनी अटक.

आता मूळ गाठीकडे. सरकारचं म्हणणं असं की त्या न्यायमंत्री असताना बिलिबिदमधले कैदी तुरुंगातून अमली पदार्थांचा धंदा चालवत होते आणि त्यातला पैसा निवडणुकीसाठी त्यांच्याकडे पोचत होता. एका खटल्यात तर नोव्हेंबर आणि डिसेंबर २०१२ मध्ये प्रत्येकी ५० लाख पेसोंची दोन बोचकी घरी पोचवल्याचा आरोप होता. क्षणभर हे सगळं खरं धरलं तरी सामान्य माणूस याला लाच म्हणेल. लाच म्हटली की प्रकरण लोकपालाकडे आणि तिथून ‘सांदिगानबायान’ या भ्रष्टाचाराच्या विशेष न्यायालयाकडे जातं, आणि जामीनही मिळू शकतो. आरोपपत्रात मात्र लाच नव्हती. तिथे होतं २००२ च्या कायद्याचं कलम ५, म्हणजे अमली पदार्थांचं ‘ट्रेडिंग’. शिक्षा जन्मठेप, खटला साध्या प्रादेशिक न्यायालयात, आणि पुरावा सबळ असेल तर जामीन नाही.

ट्रेडिंग म्हणजे विक्री का? नाही, आणि इथेच सगळा घोळ आहे. याच कायद्यात विक्रीचा गुन्हा सिद्ध करायला विकणारा, घेणारा आणि प्रत्यक्ष पदार्थ, तिन्ही दाखवावे लागतात. पदार्थच नसेल तर खटला पडतो. ट्रेडिंगची व्याख्या वेगळ्या घडणीची आहे : मोबाइल, फोन, संदेश, ई-मेल, वायरलेस अशा साधनांनी केलेला बेकायदा व्यवहार, किंवा अशा व्यवहारातली दलाली. दे लिमांच्या वकिलांचा मुद्दा होता की कोणता पदार्थ, किती, कुणी कुणाला विकला, यातलं काहीच आरोपपत्रात नाही, त्यामुळे ते मुळातच पोकळ आहे. सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की हा प्रत्यक्ष ट्रेडिंगचा आरोप नाहीच, ट्रेडिंगच्या कटाचा आहे. कटाला पदार्थ लागत नाही, संगनमत पुरे.

१० ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं ९ विरुद्ध ६ अशा मतांनी अटक वैध ठरवली. बहुमताचं म्हणणं : अमली पदार्थांचे खटले कायद्यानंच प्रादेशिक न्यायालयाकडे दिले आहेत, ट्रेडिंगमध्ये पदार्थ हजर करणं विक्रीइतकं आवश्यक नाही, आणि खालच्या न्यायालयात अर्ज प्रलंबित असताना दे लिमांची याचिका वेळेआधी आली. विरोधी मतांनी विचारलं, आरोपपत्राचं शीर्षक एक गुन्हा सांगतं आणि सरकारी वकील दुसराच, तर आरोपीनं बचाव नेमका कशाचा करायचा? या प्रश्नाला बहुमताच्या निकालात समाधानकारक उत्तर सापडत नाही. निकालानंतर आरोपपत्रं दुरुस्त होऊन त्यात ‘कट’ हा शब्द रीतसर आला, हे पाहिलं की विरोधी मतांचा मुद्दा आणखी ठसतो.

लोकप्रतिनिधी म्हणून संरक्षण का नाही, असंही विचारलं जातं. तिथल्या राज्यघटनेत अधिवेशनकाळात अटकेपासून संरक्षण आहे, पण सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतंच. तुरुंगातून निवडून आलेल्या एका सिनेटरलाही २००८ मध्ये कामकाजाला हजर राहायची परवानगी नाकारली गेली होती. दे लिमा कोठडीतून हातानं लिहिलेली निवेदनं पाठवत राहिल्या. गरीब कुटुंबांना सशर्त रोख मदत देणारी योजना २०१९ ला कायद्यात बांधली गेली, त्या विधेयकाच्या त्या प्रमुख कर्त्यांपैकी होत्या. त्याच्यावर मत द्यायला मात्र त्या सभागृहात नव्हत्या. दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटानं २०१८ मध्येच ही कैद मनमानी असल्याचं म्हटलं होतं.

तीन खटल्यांपैकी पहिला फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारचाच पुरावा अपुरा ठरून संपला. एप्रिल २०२२ च्या शेवटी दोन महत्त्वाच्या साक्षीदारांनी साक्ष फिरवली, त्यातला एक म्हणजे तीच बोचकी पोचवल्याचं सांगणारा तुरुंग खात्याचा माजी प्रभारी अधिकारी. आपण दबावाखाली खोटं बोललो, असं त्यानं सांगितलं. पुढच्याच महिन्यात झालेली सिनेटची निवडणूक त्या हरल्या. मे २०२३ मध्ये दुसऱ्या खटल्यात निर्दोष मुक्तता झाली. तिसऱ्यात आधी नाकारलेला जामीन नोव्हेंबरमध्ये ३ लाख पेसोंवर मिळाला आणि २४ जून २०२४ ला तो खटलाही निकाली निघाला.

२०२५ च्या मार्चमध्ये दुतेर्तेंना अटक होऊन ते हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या ताब्यात गेले. मे महिन्यात दे लिमा ‘पार्टी-लिस्ट’ पद्धतीनं, म्हणजे पक्षाच्या यादीला मिळालेल्या मतांवर, कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. निवडणुकीच्या तोंडावर मात्र अपील न्यायालयानं २०२३ ची मुक्तता रद्द केली होती : साक्षीदारानं नेमकं काय मागे घेतलं आणि त्यामुळे आरोप का ढासळतो, हे निकालात नीट मांडलेलं नाही, म्हणून प्रकरण परत खाली पाठवलं. मुंतिनलुपाच्या न्यायालयानं जूनअखेर, त्यांची नवी मुदत सुरू होण्याच्या तोंडावर, त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं, या वेळी कारणं सविस्तर लिहून.