लग्नातील फुले : निवड व निगा

महाराष्ट्र व गोव्यातील लग्नात वरमाला, मुंडावळ्या, वधूचा गजरा किंवा वेणी, दारावरचे तोरण, मंडपाची सजावट आणि उधळायच्या पाकळ्या यांसाठी वापरली जाणारी फुले. यातली बहुतेक फुले तोडल्यापासून काही तासांतच आपले रूप बदलतात. म्हणून लग्नपत्रिकेवर छापलेली मुहूर्ताची वेळ हीच निवडीची खरी सुरुवात. तिथून मागे मोजत जायचे आणि कोणते फूल केव्हा तोडलेले, केव्हा गुंफलेले हवे ते ठरवायचे. रंगसंगती त्यानंतर.

हंगाम

तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई आषाढाच्या तोंडावर थांबते. या सात-आठ महिन्यांत बाजारातले फूल दोनदा पालटते. थंडीत शेवंती भरपूर असते, अ‍ॅस्टर व गुलाब टपोरे मिळतात. मोगरा मात्र थोडा, लहान कळीचा आणि महाग. मार्चपासून चित्र उलटते. मोगऱ्याची कळी भरते, तर गुलाब उन्हाने लहान होतो व लवकर उमलून जातो. डिसेंबरच्या लग्नात अट्टहासाने मोगऱ्याचे पडदे लावण्यापेक्षा कुंद, निशिगंध आणि पांढरी शेवंती घेणे शहाणपणाचे. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात मावळातल्या हरितगृहांतला ‘ताजमहल’, ‘टॉप सीक्रेट’ असा लांब दांड्याचा लाल गुलाब १४ तारखेच्या मागणीमुळे महागतो. त्या पंधरवड्यात सजावटीला जरबेरा किंवा कार्नेशन परवडते.

दादरच्या फुलबाजारात आणि पुण्याच्या मार्केट यार्डात खरेदी पहाटेच करावी. सुटी फुले वजनावर, दांड्याची फुले जुडीवर मिळतात. गुलाबाची जुडी बहुधा २० फुलांची, जरबेऱ्याची १० ची. झेंडू (मुंबई-कोकणात गोंडा) उलटा करून पाहावा. देठाकडची वाटी हिरवी व कडक असेल तर माल ताजा. ती मऊ किंवा काळसर असेल तर फूल आतून कुजायला लागले आहे. गुलाबाचे बोंड देठाजवळ दोन बोटांत हलके दाबावे. घट्ट लागले तर दोन-तीन दिवस टिकेल, पोकळ लागले तर बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या काढून उभे केलेले जुने फूल असण्याची शक्यता मोठी. शेवंतीच्या खालच्या पाकळ्या पिवळटलेल्या नसाव्यात. रंगात बुडवलेली शेवंती किंवा निशिगंध हारात घालू नये; घामाने तो रंग शालूवर आणि सोवळ्यावर उतरतो आणि निघत नाही.

मोगरा आणि मुहूर्त

मोगऱ्याची पूर्ण वाढलेली पांढरी कळी पहाटे तोडतात आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते. सुगंधही तेव्हाच खुलतो. गोरज मुहूर्ताला त्याच सकाळच्या कळ्यांचा गजरा अगदी जुळून येतो: अंबाड्यावर माळताना कळ्या मिटलेल्या असतात आणि मंगलाष्टके सुरू होईतो उमलू लागतात. सकाळच्या मुहूर्ताला हे साधत नाही. आदल्या सकाळी तोडलेला मोगरा रात्री उमलून, वधू लग्नाला उभी राहीपर्यंत तपकिरी कडांचा होतो. अशा वेळी दोनच मार्ग. त्याच पहाटेच्या घट्ट कळ्यांचा, जवळजवळ बिनवासाचा गजरा माळावा, किंवा आदल्या सकाळच्या कळ्या दुपारपूर्वीच थंडाव्यात ठेवून त्यांचे उमलणे लांबवावे. पोपटी झाक असलेली कळी कोवळी असते. ती न उमलताच सुकते, म्हणून निवडून बाजूला काढावी.

गजरा ओवताना दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, देठ एकमेकांना भिडवून ठेवतात व दोऱ्याचा एक वेढा घालून गाठ ओढतात. ही ओढ फार कसली की दोरा देठाची नळी कापतो आणि उमलण्याआधीच कळी गळते. सैल राहिली की अंबाड्यावर वळवताना सगळी रांग घसरते. नायलॉनच्या बारीक दोऱ्याने हमखास कापले जाते. भिजवलेले केळीचे सोपट (खोडाच्या सालीचा धागा) सर्वांत चांगले, ते नसेल तर जाडसर सुती दोरा. मध्यम अंबाड्याला दोन वेढ्यांसाठी पाऊण मीटर गजरा पुरतो. मापापेक्षा हातभर जास्त घ्यावा, कारण टाचण्या लावताना टोकाच्या कळ्या पडतातच.

घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर गजरा ओल्या करून पिळलेल्या मलमलीत, वरून केळीच्या पानात गुंडाळून डब्यात घालावा. मागच्या थंडगार भिंतीला डबा टेकू नये. तिथल्या कळ्या काचेसारख्या पारदर्शक होतात आणि बाहेर काढताच काळवंडतात. त्याच कप्प्यात पिकलेले आंबे किंवा केळी नसावीत. फळातून निघणारा इथिलीन वायू फुलांना लवकर म्हातारे करतो. लग्नाच्या घरात आंब्याच्या पेट्या आणि फुलांच्या करंड्या एकाच थंड खोलीत ठेवल्या जातात, तिथे बरेच नुकसान असेच होते. होमाच्या आणि जनरेटरच्या धुरातही हा वायू असतो. कार्नेशनची फुले त्याने पुन्हा मिटल्यासारखी होतात.

सिंधुदुर्गात, विशेषतः वेंगुर्ल्याच्या परिसरात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या लग्नांत सुरंगीचा वळेसर (गजरा) माळतात. तिचा वास फूल सुकल्यावरही राहतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा हिशोब तिला फारसा लागू नाही. गोव्यातली अबोलीची फाती (केसांत माळायची माळ) बिनवासाची, पण सर्वांत टिकाऊ. शेंदरी रंग दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी राहतो आणि पाणी शिंपडावे लागत नाही. सोनचाफ्याच्या पाकळीला बोट लागले की तिथे तपकिरी डाग उठतो. त्याला देठानेच धरावे आणि अगदी शेवटी खोवावे.

वरमाला

हार मानेपासून गुडघ्याच्या थोडा वर संपावा. मानेवर येणारा वीतभर भाग मुद्दाम बारीक गुंफावा; तो जाड असला की फेट्यावरून उतरताना अडतो आणि फेटाच कलतो. खालचे पदक फार जड केले तर सगळा ताण एका दोऱ्यावर येतो, म्हणून आतला दोरा दुहेरी घ्यावा. हारासाठी निशिगंध एकेरी पाकळ्यांचा, न उमललेल्या कळ्यांचा घेतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘प्रज्वल’ वाणाच्या कळीवर किंचित गुलाबी छटा असते. ती शिळेपणाची खूण समजून माल परत करू नये. दुहेरी निशिगंध दांड्यासकट फुलदाणीत शोभतो, हारात तो लवकर मऊ पडतो.

लाल गुलाबाच्या पाकळ्यांचा हार आदल्या रात्री केला तर सकाळी तो निळसर-जांभळा दिसतो. पाकळी सुकताना तिच्या पेशीरसाची आम्लता कमी होते आणि लाल रंगद्रव्य निळ्याकडे झुकते. असा हार मुहूर्ताच्या चार-पाच तास आधी गुंफलेला असावा. तयार हार टांगू नये, स्वतःच्या वजनाने तो लांबतो. रुंद करंडीत केळीचे पान घालून सैल वेटोळे करावे, वर ओले फडके टाकावे. गाडीच्या डिकीत तो कधीच नेऊ नये. मे महिन्यात बंद डिकीतला अर्धा तास रात्रभरची मेहनत वाया घालवतो. पाणी शिंपडणे मुहूर्ताआधी तासभर थांबवावे, कारण ओल्या हाराचे डाग पैठणीवर उमटतात.

मुंडावळ्या आता बहुतेक मोत्यांच्या असतात. फुलांच्या करायच्या तर बारीक कळ्यांच्या, हलक्या कराव्यात. शेवंतीचे तुकडे विधीभर डोळ्यांत गळत राहतात.

दांड्याची फुले

गुलाब, जरबेरा, कार्नेशन व लिली लग्नाच्या दोन दिवस आधी आणावीत. आल्याबरोबर पाण्याखाली धरून दांड्याचे टोक तिरपे, दोन-तीन सेंटीमीटर कापावे आणि पाण्यात बुडणारी सर्व पाने काढावीत. कोरड्या हवेत कापले तर दांड्यात हवेचा बुडबुडा अडकतो, पाणी वर चढत नाही आणि गुलाब मान टाकतो. घाण बादलीतले जीवाणूही नळ्या बुजवून हेच करतात, म्हणून बादली साबणाने घासलेली हवी. लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर व दोन चमचे लिंबाचा रस घालून पाणी रोज बदलावे. नुसती साखर घातली तर जीवाणूच पोसले जातात. सजवण्यापूर्वी चार ते सहा तास फुलांना पाणी पिऊ द्यावे. जरबेऱ्याला पाणी जेमतेम चार बोटे, जास्त झाले तर लवदार दांडा कुजतो. लिलीचे परागकोश फूल उमलताच चिमटीने काढावेत. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी न लावता चिकटपट्टीने उचलावा. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नयेत. सुमारे १० अंश सेल्सियसखाली त्यांच्यावर काळे चट्टे पडतात.

फुले खोचायच्या हिरव्या फोमची वीट पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यावी. हाताने दाबली तर गाभा कोरडा राहतो आणि वरून ओल्या दिसणाऱ्या विटेत फुले दुपारी सुकतात. हा फोम कुजत नाही; पाण्याने भरलेली पितळी घंगाळी किंवा काचेच्या नळ्या वापरता येत असतील तर त्याच वापराव्यात.

मंडप, तोरण, पाकळ्या

मध्यम आकाराचा झेंडू किलोला सव्वाशेच्या आसपास बसतो आणि एकावर एक घट्ट ओवल्यास त्याची साडेतीन मीटरच्या जवळपास माळ होते. मंडपाचे खांब व कमानी मोजून त्यावर १० टक्के जास्त घ्यावे. झेंडूवर पाणी मारू नये. दाट पाकळ्यांत ते अडकते आणि फूल देठाकडून सडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून ठेवलेला झेंडू स्वतःच्या उष्णतेने शिजल्यासारखा होतो. गोणपाटावर पसरून ठेवावा. आंब्याचे डहाळे तोरणात शेवटी, सकाळी बांधावेत.

होमकुंडापासून तीन फुटांत ताजी नाजूक फुले टिकत नाहीत, आणि तिथे प्लॅस्टिकची फुले किंवा जरीच्या झालरी नकोतच. कण्हेर विषारी असल्याने जेवणाच्या मेजावर ठेवू नये. दांड्याच्या गुलाबावर औषधांची फवारणी झालेली असते, तेव्हा त्याच्या पाकळ्या गोड पदार्थावर पसरू नयेत. अक्षतांऐवजी पाकळ्या उधळायच्या तर त्या सुक्या हव्यात. ओल्या पाकळ्यांवर गुळगुळीत फरशीवर माणसे घसरतात.

निर्माल्य खतात घालण्यापूर्वी दोरा, जर, टाचण्या आणि फोम वेगळा काढावा. हाराचा नायलॉनचा दोरा तसाच राहिला तर फुले महिन्या-दोन महिन्यांत कुजून जातात, पण खत उपसताना दोऱ्याचे गुंते फावड्यात अडकत राहतात.